चाई, खालित्य आणि शेगावचा गहू

आमच्या खानदेशातल्या माणसाला शेगाव म्हटले की आधी गजानन महाराज आठवतात. भुसावळला गाडीत बसायचे, मलकापूर, नांदुरा, जलंब करत शेगावला उतरायचे, दर्शन, महाप्रसाद आणि रात्रीपर्यंत घरी. पण २०२४ सरता सरता आणि २०२५ च्या जानेवारीत शेगावचे नाव वर्तमानपत्रांत वेगळ्याच कारणाने आले. तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस जाऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ होणे, आणि तीन-चार दिवसांत हात फिरवला की मूठभर केस हातात. शाळकरी मुले, कामकरी बाया, म्हातारी माणसे, सगळ्यांचेच. काहींना डोकेदुखी, ताप, मळमळ, जुलाबही झाले. फेब्रुवारीपर्यंत आकडा १८ गावांत २७९ लोकांवर गेला.

बातमी वाचून अनेकांना हसू आले. टक्कल हा आपल्याकडे थट्टेचाच विषय. पण जरा विचार करा. ज्या घरात मुलीचे लग्न ठरायचे आहे तिथे काय झाले असेल? मुले शाळेत जाईनात, कोणी डोके संपूर्ण भादरून घेतले, कोणी चोवीस तास फडके बांधून बसले. शेजारच्या गावची माणसे यायला कचरू लागली. बाईच्या डोक्यावरचे केस जाणे तर आपल्या समाजात कधीच साधी गोष्ट नव्हती. केशवपनाची आठवण शंभर-सव्वाशे वर्षांपेक्षा फार जुनी नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट. केस नसलेली बाई म्हणजे अशुभ, हा संस्कार कायद्याने किंवा भाषणाने एका पिढीत पुसला जात नाही. म्हणून शेगावच्या त्या बायांच्या फडक्याकडे मला हसून बघता येईना.

मग मनात आले की केस गळण्याचा आपल्याकडचा इतिहास एकदा नीट लिहून काढावा. हा विषय आपण तेलवाल्यांच्या हवाली करून टाकला आहे. जुन्या वैद्यांनी मात्र तो फार गंभीरपणे घेतला होता.

आधी शेगावचे पुढे काय झाले ते सांगतो. पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो साहजिक होता. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. हीच पूर्णा पुढे आपल्या जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते, तेव्हा ती आपल्याला परकी नाही. पाणी तपासले, नायट्रेट जास्त निघाले. पण खारे पाणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या पितात, मग केस आत्ताच का जावेत? दुसरा संशय बुरशीचा. तिसरा शाम्पूचा, पण ज्यांनी जन्मात शाम्पू लावला नाही त्यांचेही केस गेले होते. आयसीएमआरची पथके येऊन रक्ताचे, केसांचे, पाण्याचे, धान्याचे नमुने घेऊन गेली.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्करही तिथे पोचले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर माहीत असलेले हे डॉक्टर, २०२२ चे पद्मश्री. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांनी गावात जाऊन रुग्ण पाहिले आणि सरपंचाच्या घरचा रेशनचा गहू तपासायला दिला. त्यात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम निघाले. तिथल्या मातीत पिकलेल्या गव्हाच्या सहाशे पट! गहू धुऊन पुन्हा तपासला तरी १३.६१. म्हणजे ते वरच्या धुळीत नव्हते, दाण्यातच होते. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, आणि पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर-नवांशहर भागात सेलेनियमने भरलेल्या जमिनी आहेत हे शेतीशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेले आणि जस्त कमी झालेले, असा बावस्करांचा निष्कर्ष.

आता मास्तर म्हटला की त्रैराशिक आलेच. सेलेनियम शरीराला लागते, पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम. सुरक्षित मर्यादा ४०० च्या आसपास मानतात. दिवसाला पाव-दीड पाव पिठाच्या पोळ्या, समजा ३०० ग्रॅम गहू, खाल्ला तर वरच्या आकड्याने ४३५६ मायक्रोग्रॅम पोटात गेले. मर्यादेच्या जवळजवळ अकरा पट, आणि तेही रोज. केस आणि नख ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनते त्याचे सांधे गंधकाचे असतात. जास्तीचे सेलेनियम त्या गंधकाची जागा घेते आणि सांधा कच्चा पडतो. म्हणून केस तुटतात. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतल्या काही लोकांची नखेही चिरून गळू लागली.

जगात हे पहिल्यांदा घडले नव्हते. अमेरिकेत साउथ डाकोटा भागात घोड्यांच्या आयाळी आणि शेपट्यांचे केस झडायचे, खूर गळायचे. १९३० च्या दशकात त्याचे कारण चाऱ्यातले सेलेनियम असल्याचे ठरले. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात गावेच्या गावे केस आणि नखे गमावून बसली. त्याची कथा तर मन लावून वाचण्यासारखी आहे. दुष्काळाने भाताचे पीक गेले, लोक तिथल्या जमिनीत पिकलेला मका आणि भाजीपाला जास्त खाऊ लागले, आणि ती जमीन सेलेनियम असलेल्या दगडी कोळशाने भरलेली होती. रोज खायचे धान्य बदलले, केस गेले.

येथे मला चरकसंहितेची आठवण होते. विमानस्थानात जनपदोद्ध्वंस नावाचा अध्याय आहे. पांचाल देशात कांपिल्य नगरीजवळ, उन्हाळ्याच्या दिवसांत, गंगेच्या काठाने आत्रेय मुनी शिष्यांसह चालले आहेत. अग्निवेश विचारतो, माणसांची प्रकृती निराळी, आहार निराळा, वय निराळे, बळ निराळे. मग एकाच वेळी एकाच रोगाने अख्खा जनपद कसा आजारी पडतो? आत्रेयांचे उत्तर असे की माणसे निराळी असली तरी काही गोष्टी सगळ्यांना सामाईक असतात. वारा, पाणी, भूमी आणि काळ. त्या बिघडल्या की सगळे बिघडतात. शेगावला डॉक्टरांनी तेच केले. आधी पाणी पाहिले, मग आणखी काय सामाईक आहे ते पाहिले. आजच्या गावात एक पाचवी सामाईक गोष्ट आहे, रेशनचे दुकान. आणि त्यातून दूरची भूमी आपल्या ताटात येते.

त्याच विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आणखी एक गंमत आहे. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी फार दिवस, फार प्रमाणात खाऊ नयेत असे चरक सांगतो. क्षार अति खाणाऱ्यांना टक्कल पडते, केस पिकतात, आणि अति मीठ खाणाऱ्यांनाही अकाली टक्कल, चाई, पांढरे केस आणि सुरकुत्या येतात. उदाहरणे देताना तो माणसांची नव्हे, प्रदेशांची नावे घेतो. क्षारासाठी पूर्वेकडचे लोक आणि चीन; मिठासाठी बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर. मिठाने खरोखर टक्कल पडते का, हा वेगळा प्रश्न. आजचे शास्त्र तसे म्हणत नाही. मला महत्त्वाची वाटते ती विचाराची रीत. कुठल्या मुलखात लोक काय खातात आणि तिथल्या लोकांच्या डोक्यावर काय होते, हे दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी शेजारी शेजारी ठेवून पाहत होते.

आता जुनी नावे पाहू. इंद्रलुप्त म्हणजे आपण ज्याला चाई पडणे म्हणतो ते, रुपयाएवढा गोल डाग. खालित्य म्हणजे हळूहळू पडणारे टक्कल. पालित्य म्हणजे केस पिकणे. सुश्रुताने क्षुद्ररोगांत याचे कारण असे दिले: पित्त वाताच्या साथीने केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते, आणि मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवतो, म्हणून नवा केस येत नाही. क्षुद्ररोग म्हणजे बारीक रोग. पण बारीक म्हणून त्यांनी तो सोडला नाही. वाग्भटाने उत्तरस्थानात पुढची पायरी सांगितली. जे टक्कल आगीने भाजल्यासारखे दिसते, नखासारखे गुळगुळीत झाले आहे, लवही उरलेली नाही, ते असाध्य, त्याच्या नादी लागू नये. असे म्हणायला धाडस लागते. आजच्या जाहिरातीत तुम्ही 'असाध्य' हा शब्द कधी वाचलात का?

हा वाग्भट आपल्या दख्खनेत चांगला वाचला जात होता. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो, त्याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली. तेव्हा खानदेशही यादवांच्याच छायेत होता. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ चा शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ दिल्याची नोंद आहे. शास्त्र शिकायचे, त्यावर टीका लिहायची, ही परंपरा आपल्या पायाखालच्या जमिनीत आहे.

उपचार काय होते? चाईवर आधी स्नेहन-स्वेदन, मग डोक्यावरची शीर टोचून रक्त काढणे, जागा खरवडून गुंजेचा लेप, मनशीळ-हिराकस-मोरचूद-मिरे यांचा लेप. मालती, कण्हेर, चित्रक, करंज घालून काढलेले तेल. हस्तिदंत जाळून केलेली मशी. टक्कलासाठी शरीरशुद्धी, नाकात तेल सोडणे म्हणजे नस्य, आणि डोक्याला लेप. येथे मी नातवंडांना आणि पुतण्यांना हात जोडून सांगतो की हे वाचून घरी प्रयोग करू नका. गुंज म्हणजे जहाल विष, मनशिळेत सोमल आहे, कण्हेर गुरे खात नाहीत ती उगीच नव्हे, आणि हस्तिदंत बाळगणे कायद्याने गुन्हा आहे. हे उपचार तज्ज्ञ वैद्याच्या हातचे होते, तेही त्या काळचे.

घरोघरी उरले ते यातले सौम्य. बांधावरचा माका, परसातली जास्वंद, कोरफड, आवळा, ब्राह्मी. घाण्याच्या तिळाच्या तेलात माक्याचा रस आटवायचा, पाण्याचा अंश गेला की गाळून बाटलीत भरायचे. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा घालून न्हायचे. डोके स्वच्छ राहते, टाळूला आराम पडतो, केस तुटत नाहीत, झोप चांगली लागते. हे सगळे खरे. पण वडिलांकडून आलेले टक्कल यामुळे थांबते असे म्हणता येत नाही. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने दाखवले की पुरुषांच्या टकलाला वंश आणि पुरुषी संप्रेरक दोन्ही लागतात. त्याच्यावर पुढे मिनॉक्सिडिलसारखी औषधे आली. तेही मुळात रक्तदाबाचे औषध, १९८८ साली अमेरिकेत केसांसाठी मान्य झाले. वापर थांबवला की कमावलेले केस पुन्हा जातात.

मग इतक्या लोकांना तेलाचा गुण येतो तो कसा? याचे उत्तर केसाच्या वाढीतच आहे. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, त्यातले ५० ते १०० रोज पडतात. एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता बसून राहतो आणि पडतो, त्याच मुळातून नवा येतो. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार किंवा जबर धक्का बसला की पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. आल्बर्ट क्लिग्मन यांनी १९६१ साली याचे नीट वर्णन केले. ताप जुना झालेला असतो, त्यामुळे त्याचा आणि केसांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. घाबरून माणूस तेल आणतो. मूळ शाबूत असल्याने काही महिन्यांत केस आपोआप परततात, आणि श्रेय तेलाच्या बाटलीला मिळते. विषमज्वर होऊन उठलेली मुले टोपी घालून वर्गात येत, ती वर्षअखेरीला भांग पाडून येत, हे प्रत्येक जुन्या शिक्षकाने पाहिले आहे. कोविडनंतर हाच अनुभव घरोघरी आला.

आपल्या खानदेशाने असे काळ फार पाहिले. संवत १९५६ चा म्हणून ज्याला छप्पन्या म्हणतात तो १८९९-१९०० चा दुष्काळ, त्याच्या आगेमागे प्लेग, मग १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. उपाशी शरीर आधी हृदय आणि मेंदू सांभाळते, केसांचा हिशेब शेवटी. १९७२ च्या दुष्काळात आम्ही परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, रोजगार हमीच्या कामावर सुकडी खाल्ली. कुठून आली, कोणत्या मातीत पिकली, कोणी विचारले नाही. भूक विचारू देत नाही. आणि सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे, जो भाग १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच होता, कुपोषित लेकरांचे केस विरळ आणि तांबूस झालेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना केस आणि अन्न यांचे नाते वेगळे शिकवावे लागत नाही. त्या लेकराला माक्याचे तेल काय करणार? त्याला डाळ हवी, दूध हवे, अंडे हवे.

बाटलीचा इतिहासही थोडा सांगितला पाहिजे. कलकत्त्यात १८७८ साली सी. के. सेन यांचे जबाकुसुम तेल निघाले, जबाकुसुम म्हणजे आपली जास्वंद. तिथलेच हेमेंद्रमोहन बोस यांनी आपल्या कुंतलीन तेलाच्या जाहिरातीसाठी कथास्पर्धाच सुरू केली. १८९६ च्या पहिल्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले ते शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांच्या कथेला. तापाने टक्कल पडलेला माणूस हवापालटासाठी समुद्रप्रवासाला निघतो, मुलीने बरोबर दिलेली केशतेलाची बाटली वादळात समुद्रावर ओततो आणि समुद्र शांत होतो, अशी ती कथा. थट्टाही आहे आणि शास्त्रही, आणि केस तापाने गेले हेही त्यात बरोबर आले आहे! पुढे १९४० मध्ये डाबर आवळा आले, आणि हळूहळू आयुर्वेद म्हणजे हिरवे लेबल लावलेली बाटली, असे समीकरण झाले.

आयुर्वेदातला उपचाराचा पहिला शब्द मात्र बाटलीवर कधी छापला गेला नाही. तो शब्द निदानपरिवर्जन. ज्या कारणाने रोग झाला ते कारण आधी दूर करा, बाकीचे नंतर. शेगावला हेच झाले. तो गहू खाणे थांबले आणि बहुतेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले. केंद्रातले आयुष खात्याचे मंत्री प्रतापराव जाधव हे बुलढाण्याचेच खासदार. त्यांच्या मतदारसंघातल्या या आजारात सर्वांत गुणकारी ठरले ते धान्य बदलणे. आयुर्वेदाच्या दृष्टीने याहून शुद्ध चिकित्सा कोणती?

म्हणून घरातल्या मुली-सुनांना एवढेच सांगणे. केस जाऊ लागले तर तीन महिने मागे जाऊन आठवा, आजारपण झाले का, जेवण सोडले का. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. चांगला शिकलेला वैद्य असेल तर तोही तुम्हाला आधी आहारच विचारील. केसांच्या गोळ्या मनाने घेऊ नका; त्यांतल्या काहींत सेलेनियमच असते. अमेरिकेत २००८ साली एका पातळ टॉनिकमध्ये सेलेनियम ठरल्याच्या दोनशे पट पडले आणि १० राज्यांत २०१ माणसे आजारी पडली, कित्येकांचे केस गेले. तेल लावा, जरूर लावा. आईने किंवा बायकोने डोक्याला तेल चोळून द्यावे यासारखे सुख नाही.

मला राहून राहून वाटते ते एकच. टक्कल पडले नसते तर त्या गव्हाकडे कोणी पाहिले असते का? केस दिसतात म्हणून बोभाटा झाला. रेशनच्या रांगेतला माणूस दाणा पारखून घेऊ शकत नाही, मिळेल ते पोते घरी नेतो. तो दाणा गोदामातच तपासला जावा, एवढी मागणी तरी आपण शिकलेल्या माणसांनी करत राहिले पाहिजे.

असो, लेख लांबला. चाईला तुमच्या गावाकडे, अहिराणीत किंवा लेवा बोलीत, दुसरा शब्द असेल तर जरूर कळवा. जुन्या बायकांना माहीत असतो.